परक्या गावची पालखी : वाचकांचे प्रश्न, बोटीवरच्या काकांची उत्तरं

मागच्या अंकात चार ओळींची चौकट टाकली होती, की परदेशात राहणाऱ्या किंवा निघालेल्या आपल्या कोकणातल्या मंडळींनी तिथले सण, जत्रा, बघायच्या जागा याबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा, बावीस वर्षं बोटीच्या गॅलीत भात शिजवला आणि बंदराला लागल्यावर सुट्टी मिळाली की गावात भटकलो, तेवढ्या शिदोरीवर जमेल तसं सांगेन. ढीगभर आले की ओ प्रश्न! त्यातले व्हिसाचे आणि "काका तिकडे चिकटवा कुठेतरी" वाले बाजूला ठेवलेत, ते माझ्या हातात असतं तर माझा पुतण्या अजून एसटी स्टँडसमोर झेरॉक्स मारत बसला नसता. नावं छापत नाही, तालुका छापलाय, ओळखणारे ओळखतीलच.

प्रश्न : मुलगा-सून स्वित्झर्लंडात बाझलला असतात, नात झाली म्हणून मी यंदा फेब्रुवारी-मार्च तिकडे. म्हणजे शिमगा गेला हातचा. लग्न होऊन आले तेव्हापासून पालखी दारात आली आणि ओटी भरायला मी नाही असं झालेलं नाही. मुलगा म्हणतो आई इथेपण असंच काहीतरी असतं, पण पहाटे चार वाजता आणि कडाक्याच्या थंडीत. जाऊ का उगाच? – नातीची आजी, दापोली तालुका

उत्तर : वहिनी, जाच. आधी जावेला नाहीतर शेजारणीला ओटीचे तांदूळ-नारळ सांगून ठेवा म्हणजे मनाला टोचणी नको, आणि निवांत निघा. मी शेवटची चार वर्षं ऱ्हाईन नदीवरच्या क्रूझला होतो, थंडीत त्या बोटी बाझलला बांधून ठेवतात आणि आम्ही पाच-सहा जण देखरेखीला, तेव्हा हा प्रकार दोनदा बघितला. नाव फास्नाख्ट. ख्रिश्चनांचा ॲश वेन्सडे म्हणून उपास सुरू व्हायचा बुधवार असतो, बाकी युरोपचा कार्निव्हल त्याच्या आधीच आटपतो आणि यांचा त्याच्या पुढच्या सोमवारी सुरू होतो, म्हणजे सगळी पंगत उठली की हे पानावर बसणार. तारीख ईस्टरवरून निघते आणि ईस्टर पौर्णिमेवरून, त्यामुळे आपल्या तिथीसारखी दरवर्षी सरकते, कधी होळीच्या महिनाभर आधी येते, कधी अगदी जवळ. २०२५ ला त्यांचा सोमवार १० मार्चला होता आणि आपली होळी १३ ला, बघा म्हणजे.

त्या पहाटेला मोर्गेस्ट्राइख म्हणतात. साडेतीनपासून लोक जुन्या गावातल्या गल्ल्यांत भिंतीला चिकटून उभे, आणि चारचा ठोका पडला की रस्त्यावरचे सगळे दिवे एकदम घालवतात. आपल्याकडे लाईट जाते ती वेगळी, ही ठरवून घालवलेली. मिट्ट काळोख. मग कुठूनतरी हुकूम ऐकू येतो आणि चारी बाजूंनी एकदम ड्रम आणि पिकोलो सुरू, पिकोलो म्हणजे वीतभर आडवी बासरी, कानातून थेट मेंदूत जाते, आणि काळोखातून माणसापेक्षा उंच रंगवलेले कंदील डुलत डुलत येतात, वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर पण एकेक छोटा कंदील. मी पहिल्या वर्षी आपल्या खालू बाजाच्या, म्हणजे ढोल-सनईच्या सवयीने हातमोजे काढून टाळ्यांचा ठेका धरला तर शेजारच्या बाईने दंडाला हात लावून गप्प केलं. तिथे नुसतं ऐकायचं असतं.

आता पोस्त. आपल्याकडे शिमग्यात सोंगं घेऊन नाचणारे खेळे दारात आले की पोस्त, म्हणजे बक्षिशी, द्यावंच लागतं ना, तसं तिथे ब्लागेड्डे असतं, कोटाला लावायचा बिल्ला, तांब्याचा, चांदीचा, सोनेरी असे दर्जे, पैसे वाजवणाऱ्या मंडळांना जातात. स्वस्तातला तांब्याचा घ्या पण घ्या, आणि कोटावर दिसेल असा लावा. नाहीतर दुपारच्या मिरवणुकीत वाग्गिस नावाचं सोंग येतं, नारळाएवढं नाक, विस्कटलेले केस, आपल्या शिमग्यातल्या संकासुराच्या सोंगाचा मामेभाऊच म्हणा, तो ज्याच्या कोटावर बिल्ला नाही त्याच्या कॉलरमध्ये मूठ-मूठ कागदाचे बारीक तुकडे कोंबतो, ते आठवडाभर आंघोळीत निघत राहतात. बिल्ला असला तर संत्रं देईल, मिमोझाची पिवळी फुलं देईल, बायकांना हमखास देतात. बिल्ला असूनही कोंबणार नाही याची गॅरंटी नाही म्हणा. ते कागदाचे तुकडे पण एका पाकिटात एकाच रंगाचे असतात, सरमिसळ रंग म्हणजे रस्त्यावरून गोळा केलेले, तसले उडवले की माणसं नाक मुरडतात.

एक लक्षात ठेवा, सून हौसेने म्हणेल आई आपण पण मुखवटा घेऊया, तर नको. बाझलला बघणाऱ्याने सोंग घ्यायचं नसतं, तोंड रंगवायचं नसतं, जो मंडळात आहे त्याचाच तो अधिकार. हे तुम्हाला समजावायची गरज नाही, आपल्याकडे संकासुर कोण होणार ते कुठल्या घरात ठरलेलं असतं ते मुंबईवाल्यांना समजावताना घसा सुकतो. नातीला पहाटे नेऊ नका, ड्रमने घाबरेल, मंगळवारी दुपारी पोरांचं फास्नाख्ट असतं तेव्हा बाबागाडीतून न्या. पहाटेनंतर हॉटेलात पिठाचं सूप मिळतं, पीठ काळपट होईस्तोवर भाजून केलेलं, कुळथाची पिठी पातळ झाली तर जशी दिसेल तसं, पण बऱ्याच ठिकाणी मांसाच्या, बहुतेक गोमांसाच्याच, रश्शावर करतात, सोमवार धरत असाल तर आधी विचारा, नसेल चालत तर कांद्याचा 'पाय', म्हणजे कांदा घालून भाजलेली जाड पोळी, मागा, तीपण मांस नाही ना ते विचारूनच. गुरुवारी पहाटे चारला सगळं बंद, मोजून बहात्तर तास. आपली पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, कधी टेकते ते आपल्याला माहितीय, तेव्हा ही शिस्त बघून जरा हसू येतं.

प्रश्न : काका, मी टोकियोजवळ कामाक आसंय. आमच्या वाडीत मे महिन्यात पालखी काढतत, हुबेहूब आमच्या देवासारखी, खांद्यार घेवन नाचयतत. माका पण खांदो लावचो आसा. इचारू कसो? भाषा अर्धीच येता. – देवगड तालुका

उत्तर : झिला, इचार. पण पालखीच्या दिवशी नको, त्या दिवशी कोणाला वेळ नसतो, आपल्याकडे तरी असतो का? प्रत्येक वाडीचं एक मंडळ असतं, चोनाइकाइ म्हणतात, त्यांचा फलक रस्त्यावर असतोच, महिनाभर आधी तिथल्या कोणा वयस्क माणसाला गाठ आणि पहिल्या वाक्यात खांदा मागू नकोस, काम माग. कंदील टांगायला, दोर बांधायला, नंतर रस्ता झाडायला माणसं लागतात आणि तरुण पोरं तिथेपण कमीच झालीत, आपल्या वाडीसारखीच, सगळी मोठ्या शहरात. वर्गणी पाकिटात घालून दे. मग बघशील, बाहेर फळ्यावर नावानिशी रक्कम लागते, कोणी किती दिले ते सगळा गाव वाचतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गहिवरूनच आलं, जगात कुठेही जा वर्गणीचा बोर्ड सुटत नाही.

त्या पालखीला मिकोशी म्हणतात, ओमिकोशी म्हण, मानाने बोलल्यासारखं होतं. आत देव बसलेला असतो, आणि मुद्दाम हलवतात, गदगदा, देवाला जाग यावी, शक्ती यावी म्हणून. नाचवतात का म्हणून तुला कोणी टोकियोत विचारलं तर सांग आमच्याकडे पण देव एका जागी बसून कंटाळतो. मिकोशीच्या वर चढायचं नाही, आणि वरच्या मजल्यावरून, गच्चीतून तिच्याकडे खाली बघणं अपमानाचं समजतात, तेव्हा व्हिडिओसाठी बाल्कनीत धावू नको. देवळात शिरताना कमानीपाशी वाकून नमस्कार, वाटेच्या मधून चालायचं नाही कारण मधली वाट देवाची, पाण्याच्या टाकीवर आधी डावा हात मग उजवा, मग हातात पाणी घेऊन चूळ, आणि देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. टाळ्या या शिंतो देवळातच वाजवायच्या हां, बाजूला बुद्धाचं मंदिर असेल तिथे नुसते हात जोड.

कपडे ते देतील, हाप्पी नावाचा आखूड सदरा, पाठीवर वाडीची खूण असते. तो अंगात असला की तू त्या वाडीचा, त्यामुळे तो घालून दुसऱ्या वाडीच्या दांड्याला हात लावायला जाऊ नको आणि परत देताना धुवून घडी करून दे. मी योकोहामाला एकदा लावला होता खांदा, बोट दुरुस्तीला अडकली होती आणि बंदरामागच्या वाडीत हे चाललेलं, मी आपला कडेला उभा राहून बघत होतो तर एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गळ्यातला पंचा काढला, चार पदरी घडी घातली, माझ्या उजव्या खांद्यावर ठेवून दोनदा थोपटला आणि आत ढकललं. पंचा का ते पाचव्या मिनिटाला कळलं. त्यांचा दांडा जाड, पावलं बारीक आणि भराभर, वाश्शोइ-वाश्शोइ ओरडत, आपण लांब पाऊल टाकलं की दांडा हाडावर आदळतो. तू उंच असशील तर बाजूच्यांचा भार पण तुझ्यावरच येणार, गुडघे वाकवू नको, कंबर जाईल, सरळ मागच्या फळीत जा. वर्षानुवर्षं उचलणाऱ्यांच्या खांद्यावर गाठ येते, तिला वेगळं नावच आहे, मिकोशी-दाको, आणि ती मिरवतात. मला गाठ नाही आली, आठवडाभर तांदळाची गोण मात्र डाव्या खांद्यावर न्यावी लागली.

आणि हे झालं की टोकियोतल्या असाकुसा भागाचा सान्जा उत्सव बघ, मे महिन्याचा तिसरा शनिवार-रविवार, शनिवारी वाड्यावाड्यांच्या शंभरेक मिकोशी आणि रविवारी मुख्य तीन. गोष्ट ऐक त्याची, म्हणतात ६२८ साली सुमिदा नदीत दोन भाऊ जाळं टाकत होते, जाळ्यात मासळीच्या जागी कान्नोनची, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या देवतेची मूर्ती आली, गावच्या म्होरक्याने ती ओळखली आणि घरात स्थापना केली, तेच आजचं सेन्सोजी मंदिर. आणि पालखीतले ते तीन देव म्हणजे ते दोन मच्छीमार भाऊ आणि तो म्होरक्या. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडलेले देव किती आहेत, पण ज्याच्या जाळ्यात सापडला त्या खारव्याला कोणी पालखीत बसवलं असेल तर मला कळव, मी येऊन नारळ देईन. संध्याकाळी सगळे बसतात तेव्हा साके पुढे करतील, घेत नसशील तर पेला उचलून कपाळाकडे ने आणि चहा माग, कोणी रागवत नाही.

प्रश्न : लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मॉरिशसला चाललोय, सप्टेंबरात. ट्रॅव्हल एजंट म्हणतो हॉटेलातच 'कल्चरल इव्हिनिंग' आहे, माणशी वेगळे पैसे. मिस्टर म्हणतात तिथे मराठी माणसं आहेत, त्यांच्याकडे गणपतीला जाऊ. खरंच आहेत का? – रत्नागिरी

उत्तर : ताई, मिस्टरांचं ऐका, एजंटाला ते पैसे देऊ नका. आहेत म्हणजे काय, तुमच्याच जिल्ह्यातली आहेत! १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारावर मजूर नेले, सगळे मिळून साडेचार लाखांच्या वर, त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले बरेच. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, मात्र बऱ्याचदा ती विसर्जनाच्या दिवसाला धरून असते, २०२४ ला आपली चतुर्थी ७ सप्टेंबर आणि तिथली सुट्टी ८ ला, आणि कधीकधी चतुर्थी ऑगस्टातच येते, तेव्हा तिकीट काढायच्या आधी दोन्ही कॅलेंडरं बघा.

आपला जाखडी नाच तिथे झाकरी झालाय. तोच गोल, तोच पायाचा ठेका, मृदंग, झांज, शब्द मात्र चार-पाच पिढ्या तोंडी फिरून गुळगुळीत झालेले, काही तर गाणाऱ्यालाही कळत नाहीत. पोर्ट लुईला आमच्या बोटीला भाजी घालणारा एक माणूस होता, क्रेओल म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली बोलायचा, मध्येच "आमी मराठी" म्हणायचा. गाव कुठलं विचारलं तर रत्नागिरी. रत्नागिरीत कुठलं? रत्नागिरी. पुढे काही नाही. बोटीत चढताना कारकुनाने पणजोबाचं नुसतं नाव लिहिलं, तेच यांचं आडनाव होऊन बसलं, घराण्याचं आडनाव तिथेच बुडालं.

म्हणून सांगतो, समुद्र बघून झाला की एक दिवस पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघा, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बघायला फार काही भव्य नाही, दगडी खोल्या आणि सोळा पायऱ्या, पण त्या सोळा पायऱ्या चढूनच सगळे आत आले. घाईत बघू नका. आणि मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे तिथे त्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्यात, नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, नंतरच्या काळात फोटोसुद्धा. आपल्या वाडीतलं कोणी "बोटीने गेला तो परत आला नाही" अशी गोष्ट घरात असेल तर बापाच्या नावासकट लिहून न्या.

गणपतीला घरात जाताना काय करायचं ते मी तुम्हाला काय सांगू, जसं वाडीत जाता तसं जा, आरतीला उभ्या राहा, सगळी कडवी म्हणा, तुम्ही म्हणाल तेव्हा ती माणसं तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. बियाणं-रोपं मात्र बॅगेत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. फक्त एक, "तुमचं मराठी किती वेगळं आहे" असं हसून म्हणू नका. मी म्हटलं होतं त्या भाजीवाल्याला. त्यानंतर तो माझ्याशी क्रेओलच बोलला.

प्रश्न : मस्कतला इलेक्ट्रिशियन आहे, शुक्रवारची एकच सुट्टी, पैसे जपून. रूमवर झोपून सुट्टी जाते. काय बघू? – राजापूर तालुका

उत्तर : मोठी मशीद, सुलतान काबूस ग्रँड मॉस्क, बाहेरच्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ दाखवतात, शुक्रवारी बंद, तेव्हा मधल्या वारी कधी सुट्टी मिळाली की ती राखून ठेव. लांब बाह्या, लांब पँट, बायकोला बोलावलंस तर डोकं झाकायला ओढणी. शुक्रवार कशासाठी आहे तर निझवा गावासाठी. चार जण मिळून गाडी करा, पहाटे निघा, किल्ल्याच्या पायथ्याशी बकऱ्यांचा बाजार भरतो, लोक गोलात बसतात आणि विकणारे बकरी धरून गोल फिरतात, फिरता फिरता बोली. तासाभरात आटपतो, नऊला पोचलास तर लेंड्याच बघशील. मग किल्ला, सतराव्या शतकातला, तोफांसाठी बांधलेला जाडजूड गोल बुरूज, बांधायला बारा वर्षं लागली म्हणतात. बाय द वे, विजयदुर्ग तुझ्या घरापासून जवळ, तो २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला, बघितलायस का कधी? मी पण पन्नाशीनंतर बघितला, लाजायचं काही नाही.

आणि वर्षाची सुट्टी जोडून मिळाली तर सलाला. जुलै-ऑगस्टात अख्खं आखात भाजत असताना तिथे खरीफ असतो, म्हणजे आपला मान्सूनच, बारीक भुरभुर, धुकं, हिरवे डोंगर, रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकणाऱ्या टपऱ्या. ओमानी कुटुंबं चटया टाकून मुद्दाम भिजत बसलेली असतात. राजापूरचा माणूस हजार किलोमीटर जाऊन पाऊस बघणार, घरी सांगू नकोस, शिव्या खाशील. रमजानात चौदाव्या रात्री मस्कतमध्ये पोरं दारोदार गाणी म्हणत खाऊ मागत फिरतात, करनकशो, खिशात चॉकलेटं ठेव.

प्रश्न : मी पेणची. घरी गणपतीचा कारखाना, डोळ्यांची आखणी मी बारावीपासून करते. आता शिकायला स्पेनमध्ये वालेन्सियाला आहे. इथे फायास म्हणून सण आहे, वर्षभर खपून चार-चार मजली पुतळे करतात आणि १९ मार्चला रात्री जाळून टाकतात. मैत्रिणी म्हणतात चल. मला बघवणार नाही असं वाटतं. – पेण

उत्तर : बाळा, हा प्रश्न तू विचारावास? तुमच्या घरातून दरवर्षी किती मूर्ती पाण्यात जातात? पण कळलं मला, पाण्यात जाताना देव म्हणून जातो, आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो, आणि तोंड वितळताना दिसत नाही. इथे दिसतं. मी एकदा बघितलंय, बोट तिथे होती, खोटं नाही सांगत, पोटात कालवलं.

तर असं कर, जाळायच्या रात्री एकदम जाऊ नकोस, आधीपासून जा. फेब्रुवारीपासून निनोतचं प्रदर्शन लागतं, निनोत म्हणजे त्यातली एकेक बाहुली, प्रत्येक मंडळ एकेक निनोत तिथे ठेवतं आणि बघणारे मत देतात, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आगीतून सुटतो, १९३४ पासूनची पद्धत, सुटलेले सगळे म्युझियममध्ये ठेवलेत. तू मत दे. आखणीवाल्या माणसाने दिलेलं मत आहे ते, चेहरा बघून दे. मग गावाबाहेरच्या अंगाला कारागिरांची वस्ती आहे, सिउदाद फायेरा, तिथे एखाद्या कारखान्यात डोकाव आणि मोबाईलवर तुमच्या कारखान्याचा फोटो दाखव, रंगाच्या आधीचे पांढरे गणपती ओळीने उभे असतात तो. भाषेची गरजच पडणार नाही, सॅंडपेपर कुठला वापरता यावरून तासभर जाईल बघ.

१ मार्चपासून रोज दुपारी दोनला पालिकेच्या चौकात मास्क्लेता, नुसत्या आवाजाचे फटाके, तालात लावलेले, शेवटी छातीचा पिंजरा हलतो, तोंड उघडं ठेव म्हणजे कान दुखत नाहीत. १७-१८ ला बायका-मुली पारंपरिक पोशाखात त्यांच्या देवीला, म्हणजे मेरीमातेला, फुलं घेऊन जातात, त्या फुलांचाच देवीचा झगा उभा करतात. हे सगळं बघून झालं की १९ ची रात्र. मूळ सुतारांचं म्हणतात, सेंट जोसेफ सुतारांचा संत, त्याच्या आदल्या रात्री थंडीभरचा लाकडाचा कचरा ते पेटवायचे. आधी पोरांचे छोटे जळतात, मग मोठे, पालिकेच्या चौकातला सगळ्यात शेवटी. बंबवाले आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत असतात, वात पेटवायचा मान मंडळातल्या निवडलेल्या मुलीचा, आणि ती पेटवते आणि ढसाढसा रडते, सगळ्यांसमोर, दागिने घालून, आणि कोणी तिला रडू नको म्हणत नाही. २०२० ला कोरोनात सण थांबला तेव्हा पालिकेच्या चौकासाठी डोळे मिटलेल्या बाईचा मोठा पुतळा केलेला, तिच्या तोंडावर त्यांनी मास्क चढवला होता, आणि पुढचा सण झाला तो थेट २०२१ च्या सप्टेंबरात, दीड वर्ष जाळायचं राहिलं म्हणून माणसं कासावीस झाली होती.

मी उभा होतो तिथे मूर्ती करणारा माणूस मागे एका दुकानाच्या पायरीवर बसून सिगारेट ओढत होता. पेटल्यावर त्याने वर एकदाच बघितलं आणि मोबाईलवर कोणालातरी मेसेज टाईप करायला लागला. तू गेलीस तर गर्दीत पुढे घुसू नको, तशी पायरी शोध.

प्रश्न : मुलगा लंडनला शिकतो, खिशात पैसे नाहीत, फुकट काय बघेल? – मंडणगड

उत्तर : ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अल्बर्ट दोन्ही फुकट, दोन दिवसांत संपणारी नव्हेत. पण त्याला आधी १०, किंग हेन्रीज रोडला पाठवा, १९२१-२२ ला बाबासाहेब तिथे राहून शिकत होते, २०१५ ला महाराष्ट्र सरकारने घर घेतलं. मूळ गाव आंबडवे तुमच्याच तालुक्यातलं, मुलाला तिथे उभं राहून घरी फोन करायला सांगा. मग १०, हाऊली प्लेस, लोकमान्य १९१८-१९ ला तिथे होते, चिरोल या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा खटला भरला होता त्यासाठी गेले होते तेव्हा, भिंतीवर निळी गोल पाटी आहे. दोन्ही घरांचा नंबर दहाच. दुसरं आतून बघायला मिळत नाही, लोक राहतात, फोटो काढायचा आणि पुढे सरकायचं. असल्या निळ्या पाट्या लंडनभर आहेत, १८६७ पासून लावतायत, पायी फिरायला त्याला वर्ष पुरेल.

प्रश्न : उलटा प्रश्न आहे. माझा जपानी साहेब शिमग्याला आमच्या गावाला येतो म्हणतोय, मानकरी मंडळी तयार आहेत, पण सरपंच म्हणतात स्टेजवर बसवून सत्कार करू. काय करू? – चिपळूण तालुका

उत्तर : सत्कार नको रे बाबा. शाल-श्रीफळ, नेत्याचं भाषण, तो बिचारा दोन तास वाकून वाकून दमेल. आदल्या दिवशी त्याला गुरवाकडे आणि मानकऱ्यांकडे घेऊन जा, ओळख करून दे, देवाला गाऱ्हाणं घालतील ते ऐकव आणि अर्थ नंतर सांग. जेवण साधं, पाणी उकळलेलं, मच्छरदाणी धुतलेली. संडास कुठल्या बाजूला आहे ते आल्या आल्या दाखव, साहेब लोक तेवढंच विचारत नाहीत. खुणा काढताना, म्हणजे जमिनीत पुरलेली खूण शोधताना, पालखी धावते तेव्हा त्याला कडेला घे, आपली पोरं कोणाला बघत नाहीत. सहाणेजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकाल तर बघा, उभा राहू दे. मानकऱ्यांनी खूण केली की चपला काढायला सांग आणि मागच्या दांड्याला, त्याच्या उंचीची दोन पोरं बघून त्यांच्या मध्ये लाव. जाताना घरातला पंचा घेऊन जा, चार पदरी घडी कर, आणि त्याच्या खांद्यावर तू स्वतः ठेव.